चंद्रकलेचं एक वर्ष

"माझी पोरगी सत्त्याण्णवची आहे! तिला अठ्ठ्याण्णवची कोणी केली, तेवढं सांगा मला!"

सुकलाल कोळी जन्म-मृत्यू विभागाच्या खिडकीत डोकं घालून ओरडत होता. मे महिना होता, पंखा गरम हवा फिरवत होता, आणि रांगेतली माणसं आपापली कामं विसरून तमाशा बघत होती. खिडकीच्या आत बसलेले लिपिक सुपडू वाघ त्याच्याकडे न बघता म्हणाले, "कॉम्प्युटरमध्ये जे आहे ते आहे. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

"मग मी खोटं बोलून राहिलो का?"

त्यावर सगळ्यांच्या मनात एकच उत्तर होतं, माझ्याही.

तापीकाठचं ते गाव. नाव मुद्दामच सांगत नाही. तिथल्या नगरपरिषदेत संगणक अभियंता म्हणून माझी पहिली नेमणूक होती. सुकलालची गोष्ट आठवडाभर गावात सगळ्यांच्या तोंडी होती. त्याचा नदीवरून गाढवांवर वाळू वाहायचा धंदा. त्यानं आपल्या चंद्रकलेचं लग्न सुरतेकडच्या एका बिजवराशी ठरवलं होतं. नवरा चाळिशीचा. हळदीच्या दिवशी कुणीतरी हेल्पलाइनला फोन केला आणि पोलीस, महिला-बालविकासचे लोक मांडवात हजर झाले. मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर खाडाखोड होती, म्हणून नगरपरिषदेचा जन्मदाखला बघितला गेला. त्यावर साल अठ्ठ्याण्णव, म्हणजे मुलगी सतरा वर्षांची. लग्न थांबलं. मुलीला बालकल्याण समितीपुढे नेलं. अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न लावणार नाही असं बापाकडून लिहून घेतलं आणि अल्पवयीन म्हणून तिला पुन्हा बापाच्याच ताब्यात दिलं.

आरडाओरडा ऐकून आमच्या कार्यालय अधीक्षक निकुंभ मॅडम बाहेर आल्या. इंदुमती निकुंभ. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू, आवाज कधी चढायचा नाही. "सुकलालभाऊ, एक वर्ष थांबायला काय जातं तुमचं? पोर कुठे पळून जाते का?"

"पळायचा प्रश्न नाही, मॅडम. खोट्याचा आहे." सुकलालचा आवाज एकदम उतरला. "माझा बाप वारला आणि बाराव्याच्या दिवशी ही झाली. बापाच्या मरणाची नोंद तुमच्याचकडे आहे. ती तरी बघा."

मॅडमनी वाघांना खिडकी लावायला सांगितलं. सुकलाल बराच वेळ बंद खिडकीसमोर उभा होता.

खरं सांगायचं तर मी ती नोंद शोधली ती त्याला तोंडावर पाडायलाच. उद्या परत आला की म्हणायचं, हे बघ, तुझा बाप कधी मेला ते. जुनी कागदी रजिस्टरं अभिलेख कक्षाच्या गळतीत भिजून लगदा झाली होती. त्याआधीच त्यांतल्या नोंदी संगणकावर चढवलेल्या, म्हणून जे काही होतं ते संगणकातच. झिपरू कोळी, मृत्यू एप्रिल सत्त्याण्णव.

मी खुर्चीत नीट बसले.

आल्यापासून मी एक शिस्त लावून घेतली होती. दर शनिवारी सगळ्या माहितीची प्रत एका वेगळ्या डिस्कवर घ्यायची आणि ती डिस्क कार्यालयात न ठेवता पलीकडच्या नगर वाचनालयाच्या कपाटात ठेवायची. इमारतीला आग लागली, पाणी शिरलं, तरी प्रत शाबूत राहावी म्हणून. वाघ त्यावरून माझी टर उडवायचे. "मॅडम आपला संसार वाचनालयात ठेवतात!" मी तशीच उठले, वाचनालयात गेले, मार्चमधली प्रत घेऊन आले आणि माझ्या लॅपटॉपवर उघडली.

चंद्रकला सुकलाल कोळी. जन्म सत्त्याण्णव. दिवस तोच, महिना तोच, फक्त सालाचा शेवटचा आकडा वेगळा.

सुकलाल खरं बोलत होता. कॉम्प्युटर खोटं बोलत होता, म्हणजे कुणीतरी त्याला खोटं बोलायला लावलं होतं.

बदल कधी झाला ते सापडलं. एप्रिलअखेर, कामाचा दिवस, जेवणाची सुट्टी. बदल कुणी केला या रकान्यात होतं 'ॲडमिन'. त्या कार्यालयात सगळेच ॲडमिन होते. जन्म विभाग, पाणीपट्टी, घरपट्टी, सगळे त्याच एका नावानं आणि एकाच पासवर्डनं आत शिरायचे. पासवर्ड वाघांच्या मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीनं लावलेला, शिपायालाही पाठ. प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड द्या, ज्याचं काम त्यालाच तेवढं दिसू द्या, असा प्रस्ताव मी आल्या आल्या दिला होता. मुख्याधिकारी सरोदे साहेबांनी तो "चर्चा करू" असा शेरा मारून बाजूला ठेवला होता.

त्या दिवसापासून मला कार्यालय वेगळंच दिसायला लागलं. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर चहा प्यायचे त्यांच्या हातांकडे बघायला लागले. कोण कुणाच्या टेबलाशी वाकून काय बोलतो, कोण माझी चाहूल लागताच गप्प होतो. सगळ्यांत जास्त संशय वाघांचा. मी त्यांच्या मागून गेले की त्यांचा हात झटकन माउसवर जायचा आणि पडद्यावरचं काहीतरी नाहीसं व्हायचं. एकदा मी मुद्दाम चप्पल काढून गेले. तरी त्यांना कळलंच.

पण यात फायदा कुणाचा? लग्न मोडून कुणाला काय मिळणार? बिजवराच्या पहिल्या सासरचे? सुकलालचे भाऊबंद? काही धागा लागेना. आणि ही एक नोंद सापडली ती बाप ओरडला म्हणून. न ओरडलेल्या किती असतील, कोण जाणे.

शेवटी मी सरोदे साहेबांच्या दालनात गेले आणि दोन्ही नोंदी समोर ठेवल्या. त्यांनी त्या पुन्हा पुन्हा पाहिल्या. मग उठून स्वतःच्या हातानं दार लावलं.

"हे कुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही."

"बरं." ते खुर्चीत टेकले. "बेंडाळे मॅडम, मला संगणकातलं फारसं कळत नाही. पण एक सांगा. ॲडमिन म्हणजे कोण? चौकशी आली तर मी कुणाचं नाव लिहू?"

"सगळेच वापरतात, सर."

"ते झालं. पण कागदोपत्री ॲडमिन तुम्हीच ना?"

इतके दिवस मी सगळ्यांकडे जसं बघत होते, तसं आता ते माझ्याकडे बघत होते.

"म्हणूनच मी वेगळे लॉगिन मागत होते, सर," मी म्हटलं. "ते असते तर आज नाव मिळालं असतं. माझंही निघालं असतं, तर माझं."

त्यांनी टेबलाच्या काचेवर बोटं वाजवली. मग त्यांनी माझा जुना प्रस्ताव मागवला आणि सही केली. विश्वासानं नव्हे, भीतीनं. पण सही झाली.

वेगळे पासवर्ड वाटायला निघाले तेव्हा मी एकेकाच्या चेहऱ्यावर नजर ठेवून होते. चोर असेल तो दचकेल, असं मला वाटत होतं. दचकले सगळेच! पाणीपट्टीवाले म्हणाले, माझ्या रजेत माझं काम कोण करणार? घरपट्टीवाल्यांनी थेट युनियनची भाषा काढली. वाघ तर तणतणलेच. "म्हणजे मी कधी काय उघडलं ते तुम्हाला दिसणार?"

"काय उघडलं ते नाही. नोंदीत काय बदललं ते दिसेल."

"एवढंच ना?" त्यांचा जीव भांड्यात पडलेला स्पष्ट दिसला. दुसऱ्या दिवशी मी त्यांचं मशीन दुरुस्तीच्या निमित्तानं तपासलं. पत्त्यांचा खेळ. दिवसभर, फायलींच्या आडून, माणूस एकटाच पत्ते खेळत होता. मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. ज्याला मी मनातल्या मनात फासावर चढवलं होतं, त्याचा गुन्हा एवढाच निघाला.

निकुंभ मॅडमनी मात्र आपला पासवर्ड मुकाट्यानं घेतला, दिलेल्या जागी सही केली आणि विचारलं, "जेवलीस का गं?"

त्या गावात मला खोली मिळवून दिली होती ती मॅडमनी. माझा डबा रोज त्यांच्याच डब्याशेजारी उघडायचा. त्या दिवशी कळण्याची भाकरी आणि ठेचा होता. मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. मार्चमधली प्रत, बदललेलं साल, साहेबांचा माझ्यावर वळलेला रोख. त्या भाकरी मोडत ऐकत होत्या.

"मग आता काय करणार?"

"शोधणार."

"कशाला? पोरीचं लग्न थांबलं, चांगलंच झालं ना? म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधत होते."

"मॅडम, पण नोंद खोटी आहे."

"नोंद," त्या म्हणाल्या. नुसतंच. आणि डबा झाकून उठल्या. भाकरी अर्धी तशीच होती.

त्यांचं उठणं मला खटकलं. पण निकुंभ मॅडमवर संशय घ्यायचा म्हणजे आपण जेवतो त्या ताटावर संशय घ्यायचा. मी तो झटकून टाकला. आपण नोंदीमागे धावतोय आणि जिची नोंद आहे तिला अजून पाहिलंही नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. दुपारी उन्हं कलल्यावर मी स्कूटी काढली आणि कोळीवाड्यात गेले.

सुकलाल घाटावर गेला होता. ओट्यावर त्याची बायको गहू पाखडत बसलेली. मी नगरपरिषदेतून आलेय, पडताळणी आहे, म्हटल्यावर ती घाबरली. "पोरगी घरात नाही," ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिची नजर मागच्या खोलीच्या दाराकडे गेली. दाराला बाहेरून कडी होती. कडीला कुलूप.

"पाणी देता का जरा?" मी विचारलं. ती आत गेली तशी मी बाजूच्या बोळातून मागच्या खिडकीपाशी गेले. गज होते. गजांमागे एक सावळी, उंच मुलगी उभी होती. जणू वाटच बघत होती.

"तुम्ही नगरपालिकेतल्या ना? निकुंभ मॅडमनी पाठवलं?"

"नाही. का गं?"

"मग त्यांना निरोप द्या." ती भराभर, दबक्या आवाजात बोलत होती. "त्यांना म्हणावं, मला परत मोठी करा."

मला आधी कळलंच नाही.

"हळदीच्या दिवशी त्या कानात बोलल्या, घाबरू नको, मी तुला एक वर्षानं लहान केलंय. पण लहान झाले म्हणून तर मला बापाच्या ताब्यात दिलं! समितीपुढे मी ओरडून सांगितलं, मला घरी पाठवू नका. ते म्हणे, तू अजाण आहेस, आईबापाजवळच राहा. आता शिवणाचा वर्ग बंद. दाराला कुलूप. सुरतेला आत्याकडे नेणार आहेत मला, तिकडे गुपचूप उरकायचं ठरलंय. मी मोठी असते तर माझ्या पायानं निघून गेले असते ना, ताई!"

समोरून आईची हाक आली. मी फक्त मान हलवली आणि निघाले.

मॅडम नगरपरिषदेच्या शिवणवर्गात होत्या. तो वर्ग त्यांनीच सुरू केलेला. मुली घरी गेल्या होत्या, मशीनवर कव्हरं घातलेली. त्या खाली पडलेल्या चिंध्या गोळा करत होत्या. मी दारातच थांबले.

"चंद्रकलेला भेटून आले," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं नाही. "कशी आहे?"

"कुलपात आहे. निरोप दिलाय तुम्हाला. मला परत मोठी करा म्हणते."

त्यांच्या हातातल्या चिंध्या पुन्हा खाली पडल्या. त्या जवळच्या स्टुलावर बसल्या.

"मी तिला आधी चौकीत घेऊन गेले होते," त्या म्हणाल्या. "लग्न ठरल्याबरोबर. तिथला जमादार म्हणाला, पोरगी अठराची झालीय, बापानं रीतसर स्थळ बघितलंय, घरातला मामला आहे, घरात मिटवा. मी म्हटलं, तिची इच्छा नाही. तर हसला. सतराची असती तर धावत आला असता, कारण मग त्याच्या अंगाशी आलं असतं. मग मी तिला सतराची केली. वाघ जेवायला गेले होते. पासवर्डची चिठ्ठी समोरच लावलेली होती."

"आणि हेल्पलाइनला फोन?"

"मीच." त्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "वाटलं, एक वर्ष हाताशी येईल. तेवढ्यात शिवण पुरतं शिकेल, पायावर उभी राहील. त्याच बापाच्या हातात देतील, हे कुठे डोक्यात आलं माझ्या?"

मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्याजवळ जाऊन बसावंसंही वाटत होतं.

"मॅडम, मी आत्ता जाऊन साल पूर्वीसारखं करू शकते," शेवटी मी म्हटलं. "जुन्या ॲडमिननं, तो अजून बंद केलेला नाही. कुणालाच कळणार नाही. ना तुमचं नाव, ना माझं."

बोलले आणि माझंच मला कसंतरी झालं.

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे मी केलं तेच तू करणार. आणि उद्या सुकलाल म्हणेल, यांच्या मनाला येईल तशी माझी पोर हे लहानमोठी करतात. त्याचं काय चुकेल?" त्या उठल्या. साडीला चिकटलेले दोरे झटकले. "साहेबांकडे चल. सगळं सांगते. दुरुस्ती रीतसर होऊ दे, कारणासकट, आणि माझ्या नावानं. नवा पासवर्ड दिलायस ना मला? अजून एकदाही वापरलेला नाही."

सरोदे साहेबांनी ऐकून घेतलं. ते ओरडतील असं मला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. "निकुंभबाई, तुम्हाला निलंबित करावं लागेल," एवढंच म्हणाले.

"करा. पण आधी दुरुस्तीवर सही करा."

सकाळी कार्यालय उघडताच मॅडम वाघांच्या खुर्चीत बसल्या. मी मागे उभी. आता दुरुस्तीला कारण लिहावं लागत होतं. त्यांनी एकेक अक्षर शोधत टाइप केलं : मूळ नोंदीत मी अधिकार नसताना फेरफार केला होता, प्रतीवरून मूळ साल कायम करत आहे. खाली नाव आलं, इंदुमती निकुंभ. साहेबांनी आपल्या लॉगिननं मंजुरी दिली आणि मी जुना ॲडमिन कायमचा बंद केला. शेजारी उभे असलेले वाघ खाली गेले आणि मॅडमसाठी चहा घेऊन आले.

नवा दाखला घेऊन आम्ही महिला-बालविकासच्या संरक्षण अधिकारी अहिरराव बाईंना गाठलं. बाई खमक्या होत्या. "मुलगी सज्ञान असेल तर समितीचा विषयच संपला. तिचं तीच ठरवेल," म्हणाल्या आणि एका महिला पोलिसाला बरोबर घेऊन आमच्याबरोबर निघाल्या.

सुकलाल ओट्यावरच होता. माझ्या हातातला दाखला बघून उठला. मी तो त्याच्या हातात दिला. त्याला वाचता येत नसावं. पण आकडे कळत होते. सालावर बोट ठेवून तो उभा राहिला आणि त्याचा चेहरा उजळला.

"हेच सांगत होतो ना मी! हेच!"

"म्हणजे मुलीचं वय किती झालं?" अहिरराव बाईंनी विचारलं.

"अठरा! अठरा पूर्ण! माझा बाप वारला त्या साली झाली, मी काय विसरणार?"

"नक्की?"

"कुठेही सही करून देतो."

"सही नको. दार उघडा. अठरा पूर्ण झालेल्या बाईला कुलपात ठेवता येत नाही."

सुकलालचा चेहरा उजळलेला होता तसाच राहिला, फक्त त्यातला उजेड गेला. तो दाखल्याकडे बघू लागला, मग माझ्याकडे, मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या निकुंभ मॅडमकडे. बायकोनं कमरेची किल्ली काढली. तिनं नवऱ्याला विचारलं नाही.

चंद्रकला बाहेर आली. अहिरराव बाईंनी तिला विचारलं, "कुणाच्या दबावाशिवाय सांग. इथे राहायचंय?"

"नाही."

"कुठे जायचंय?"

"धुळ्याला. तिथल्या महिला वसतिगृहात. शिवणाचं काम मिळतं तिथे, मी चौकशी केलीय." ती आत गेली आणि एक पिशवी घेऊन आली. पिशवी आधीच भरलेली होती. आईच्या पाया पडली. बापासमोर क्षणभर थांबली. तो दुसरीकडे बघत होता.

बोळाच्या तोंडाशी मॅडमनी तिचा हात धरायला हात पुढे केला. चंद्रकलेनं तो धरला नाही, झिडकारलाही नाही. वाकून नमस्कार केला आणि पुढे निघाली. मॅडमचा हात तसाच राहिला.

मी तिला स्कूटीवरून स्टँडवर सोडलं. धुळ्याची गाडी लागलेली होती. अहिरराव बाईंनी दिलेला वसतिगृहाचा पत्ता तिनं दोनदा वाचून घेतला आणि खिडकीजवळची जागा धरली. मी खाली उभी.

"ताई, माझी तारीख आता परत कुणी बदलणार नाही ना?"

"आता तसं जमणार नाही," मी म्हटलं. "आणि बदललीच, तर कुणी बदलली ते लगेच कळेल."

"कुणाला?"

"आम्हाला. कार्यालयाला."

कंडक्टरनं घंटी मारली. चंद्रकला गजांवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत राग नव्हता. नुसतं तपासणं होतं, मी किती खरी आहे त्याचं.

"आणि मला?" तिनं विचारलं.

गाडी हलली.